वकिलाच्या कानी

सकाळी कामावर निघताना, एक चप्पल पायात आणि दुसरी अजून चाचपडण्यातच असताना, त्याला दिसले की वकील भिंतीला कपाळ टेकवून उभा आहे. फ्रिज आणि भिंत यांच्यामध्ये उरलेल्या ज्या अरुंद कोपऱ्यात केरसुणी उभी करीत, त्या कोपऱ्यात तो शिरला होता आणि पुढे वाट नाही हे त्याला जणू मान्यच नव्हते. चारही पाय रोवलेले, शेपूट खाली, आणि देहाचा सारा भार कपाळावर. प्रार्थनेत कोणी माथा टेकवावा तसे ते दृश्य पहिल्या क्षणी पवित्र वाटले. दुसऱ्या क्षणी ते भयाण वाटले, कारण प्रार्थना कधीतरी संपते, आणि हे संपत नव्हते. ‘वकील,’ त्याने हाक मारली. कान हलला नाही. त्याने वाकून त्याची मान अलगद आपल्याकडे वळवू पाहिली, तेव्हा त्या एवढ्याशा पांढऱ्या देहातून अशी किंकाळी निघाली की त्याचा हात आपोआप मागे आला. स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. ओले हात पदराला पुसत बायको दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, ‘काय झालं रे? काय केलं आजोबांनी तुला?’

‘सांग आजीला,’ तो कुत्र्याकडेच पाहत म्हणाला, ‘आजोबांनी काही केलं नाही. नुसता हात लावला.’

या घरात असेच बोलत. वकील हा मुलीचा कुत्रा. पिल्लू असताना घरात कोणीही काहीही म्हणाले, की तो मान वर करून एकदा भुंकायचा, जणू हरकत नोंदवायचा. म्हणून तिने त्याचे नाव वकील ठेवले. पुढे ती नोकरीसाठी समुद्रापलीकडे गेली, तेथेच तिने संसार थाटला, आणि वकील या दोघांच्या पदरी राहिला. तिच्या नात्याने ही दोघे त्याची आजी आणि आजोबा झाली. आरंभी ती निव्वळ गंमत होती. ‘सांग तुझ्या आजोबांना, चष्मा कपाळावर आहे आणि घर पालथं घालताहेत.’ ‘आजीला म्हणावं, भाजीत मीठ घालायचं राहिलं, की वैद्यांनी वर्ज्य केलंय?’ दोघेही हसत. मग हसणे विरळ झाले आणि पद्धत तेवढी उरली. त्याला पुष्कळदा वाटे, एखादे कडाक्याचे भांडण झाले असते तर बरे झाले असते. भांडणाला आरंभ असतो, म्हणून त्याला अंतही असू शकतो. येथे काहीच घडले नव्हते. वेलीचा एक ताणा आधाराला लागावा आणि मूळ खोड कधी सुकले हे कळूही नये, तसे त्यांचे एकमेकांशी सरळ बोलणे केव्हातरी थांबले होते. आपण तिला शेवटचे सरळ वाक्य कोणते बोललो हे आठवण्याचा तो कधीकधी प्रयत्न करी. आठवण येई ती वाक्याची नव्हे, तिच्या मानेवरच्या घामाच्या थेंबाची. आणि त्या थेंबाबरोबर काय बोलणे झाले होते ते कितीही खोल गेले तरी हाती लागत नसे.

आणि या पद्धतीचे नियमही कोणी न ठरवता ठरून गेले होते. निरोप वकिलाला द्यायचा. दुसऱ्याने त्याला लगेच उत्तर द्यायचे नाही. दिले तर ते उघडउघड एकमेकांशी बोलल्यासारखे झाले असते. ऐकले का, असे विचारायचे नाही. घर लहान, भिंती पातळ. वकिलाच्या कानी घातले म्हणजे घरात सांगून झाले. गॅस संपत आल्याचे, नळ गळत असल्याचे, आत्या वारल्याचे, सारे असेच सांगून झाले होते, आणि आजवर एकही निरोप वाया गेला नव्हता, अशी त्याची समजूत होती.

त्याचे काम कवळ्या घडवण्याचे. दातांचे डॉक्टर रोग्याच्या जबड्याचा ठसा पाठवीत, त्यात प्लास्टर ओतून साचा तयार होई, साच्यावर मेणाची हिरडी चढे, आणि मेणात तो एकेक दात बसवी. खिडकीशी त्याचे टेबल, टेबलामागे फळ्या, आणि फळ्यांवर अनोळखी माणसांची पांढरी, कोरडी, अर्धवट उघडी तोंडे. मेणाला ज्योत दाखवताना येणारा उबदार, किंचित गोडसर वास त्याच्या कपड्यांत कायमचा मुरला होता. शेजारच्या टेबलावरचा पॉलिशवाला तोंडाळ होता. ‘काय हो, एवढी तोंडं घडवता आणि स्वतःचं तेवढं शिवून ठेवलंय!’ तो म्हणायचा. ‘वहिनी बोलू देत नाहीत वाटतं?’ एरवी तो यावर हसून मान हलवी. त्या दिवशी मात्र सुरी मेणात खोल गेली आणि बसवलेला दात निखळून पडला. त्याच्या डोळ्यांपुढे ते भिंतीला टेकलेले कपाळ होते. भिंतीपलीकडे काय आहे असे त्या जीवाला वाटत असेल?

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, नखे आखूड कापलेल्या, आवाज सावकाश. वकील त्यांच्या खोलीत डावीकडेच फिरत राहिला, गोल, पुन्हा गोल, घाण्याला जुंपल्यासारखा. त्यांनी त्याच्या डोळ्यांत प्रकाश टाकला, पंजा उलटा मुडपून जमिनीवर ठेवला. निरोगी कुत्रा तो तत्काळ सरळ करतो, वकिलाने तसाच राहू दिला. मग मोठ्या रुग्णालयात डोक्याचे चित्र काढणे झाले, कण्यातून सुईने पाणी काढणे झाले. अखेर बाईंनी दोघांना समोर बसवले. ‘मेंदूला आणि मज्जारज्जूला सूज आहे,’ त्या म्हणाल्या. ‘जंतू शोधले, सापडले नाहीत. लहान जातीच्या कुत्र्यांत होतं असं. शरीराचे जे रक्षक असतात ना, तेच आपल्या मेंदूला परकं समजून त्याच्यावर तुटून पडतात. का, ते नीट कुणालाच ठाऊक नाही.’

‘म्हणजे बाहेरून काही आलं नाही?’ त्याने विचारले.

‘नाही. घरातलंच भांडण म्हणा.’

बायकोने मांडीवरच्या वकिलाच्या कानामागे बोट फिरवले. ‘ऐकलंस का? म्हणजे आजोबांच्या बुटाचा वास घेऊन नाही झालं काही,’ ती म्हणाली. डॉक्टरीणबाई हसल्या. त्यांना हे दांपत्य प्रेमळ वाटले असावे.

गोळ्या सुरू झाल्या. सूज दाबणाऱ्या, रक्षकांना गुंगवणाऱ्या. बाईंनी बजावले होते, बरा दिसला तरी मनाने थांबवायच्या नाहीत. डोस महिनोन्महिने, पायरी पायरीने उतरवायचा. रोज सकाळी तो वकिलाला गुडघ्यांत धरी, जबडा उघडी, आणि बायको गोळी जिभेच्या मुळाशी ठेवून गळ्यावरून खाली बोट ओढी. त्या कृतीत दोघांची डोकी इतकी जवळ येत की तिच्या श्वासाची ऊब त्याच्या गालाला लागे. काही दिवसांतच गोल फिरणे थांबले. मान मोकळी झाली. गोळीने भूक आणि तहान अशी भडकली की वकिलाने वर्तमानपत्राची अर्धी पुरवणी खाल्ली, पायपुसणे कुरतडले, आणि पाण्याचे भांडे चाटून चाटून घरभर ढकलत नेले. ‘वकीलसाहेबांनी फी वाढवलीय,’ ती म्हणाली, आणि बऱ्याच काळाने त्या घरात दोन हसण्यांचे आवाज एकत्र उमटले.

तो काळ त्याला पुढे फार आठवे. संध्याकाळी ती शिवणाच्या मशीनवरून उठून जमिनीवर बसे. दुकानाच्या पडद्यांना ती घरी दुमड घालून देई. तिच्या पदराला धाग्यांचे तुकडे चिकटलेले असत. तो दुसऱ्या बाजूला बसे. मध्ये वकील. दोघांचे हात त्याच्या पांढऱ्या केसांत हिंडत, आणि त्या केसांच्या आत, दिसणार नाही असे, कधी बोटाला बोट लागे. कुणीही बोट मागे घेत नसे. पुढेही नेत नसे. त्याच्या मनात तेव्हा एक वाक्य तयार असे: तू दमलीस. दोनच शब्द. ओठांपर्यंत येत, ओठांशी थबकत. एवढ्या वर्षांनी ते सरळ उच्चारले तर त्या दोन शब्दांचा आवाज केवढा होईल, याचे त्याला भय वाटे. मधल्या साऱ्या वर्षांचा हिशेब त्या ‘तू’मधून मागितला जाईल असे वाटे. मग तो म्हणे, ‘वकील, आजी दमलीय रे.’ आणि ती म्हणे, ‘सांग त्यांना, कुणी दमलं नाहीये.’ पण हे म्हणताना तिचा आवाज मऊ झालेला असे. त्याला वाटे, हा जीव जगला तर एखाद्या संध्याकाळी ते वाक्य सुटेल. हा जगला पाहिजे. तो देवाकडे काही मागणारा माणूस नव्हता. तरी त्या दिवसांत भिंतीवरचे घड्याळ, खिडकीतला उजेड, पाण्याचे भांडे, समोर येईल त्याच्यापुढे त्याचे मन हात जोडून उभे राही.

डोस उतरवण्याची पहिली पायरी आली तेव्हा तो एकटाच वकिलाला घेऊन गेला होता. परत येऊन दारातच गळ्याचा पट्टा सोडवताना तो म्हणाला, ‘ऐकलंस ना, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या? आता अर्धी गोळी. अर्ध्या करून डबीत ठेवतोय, फ्रिजवर. आजोबांना आता लवकर निघायचंय, कवळ्यांचं काम तुंबलंय. तेव्हा सकाळी सगळी आजीवर भिस्त.’ आत मशीन चालू होते. ते क्षणभर थांबले होते की नाही? पुढे त्याने हा प्रश्न स्वतःला अनंत वेळा विचारला. त्या वेळी विचारला नाही. सांगून झाले होते. दुसऱ्या दिवसापासून तो झुंजुमुंजू होताच बाहेर पडू लागला. वकील दारापर्यंत येई, शेपूट हलवी, नीट चाले. एकदा डबी हाताला लागली. ती भरलेली पाहून त्याला समाधान वाटले. हिने पुढच्याही मोडून ठेवल्या वाटतं, असे मनाशी म्हणून त्याने झाकण घट्ट लावले.

मग एका दुपारी पॉलिशवाल्याने फोन त्याच्या हातात दिला. ‘घरून आहे. वहिनी.’ तो चकित झाला. पलीकडून फक्त श्वास ऐकू आला, आणि मग ती, कोणालाही न उद्देशून, हवेत बोलल्यासारखी म्हणाली, ‘वकील पडलाय. पाय झाडतोय. थांबत नाहीये.’ हातातला साचा टेबलावर ठेवायचे त्याला सुचले नाही. तो कोणाचा तरी खालचा जबडा मुठीत धरूनच रस्त्यावर आला, आणि वाहनात बसल्यावर त्याला तो दिसला.

डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर वकील एका कुशीवर होता. झटके औषधाने थांबवले होते. डोळे उघडे, पण त्या डोळ्यांत खोली नव्हती. जीभ एका बाजूला, ओली, निर्जीव. बाईंनी पंजाला चिमटा घेतला, पापणीला बोट लावले, आणि सावकाश विचारले, ‘गोळ्या चालू होत्या ना?’

‘हो,’ बायको म्हणाली. ‘गोळ्यांचं सगळं हेच बघतात.’

काही वाक्ये कानांना कळतात आणि पोटात उतरायला वेळ घेतात. त्याने तिच्याकडे पाहिले. तिच्या चेहऱ्यावर आरोप नव्हता, ढालही नव्हती. एक साधे सत्य सांगितल्याची निश्चिंतता होती. आणि मग ती भरलेली डबी, ते घट्ट लावलेले झाकण, तिचे ते रोज शांतपणे मशीनवर बसणे, सारे एकाच क्षणी आपापल्या जागी जाऊन बसले. बाईंनी आता त्याच्याकडे वळून विचारले, ‘एकही चुकली नाही?’

‘नाही,’ तो म्हणाला. तो शब्द त्याने उच्चारला नाही; तो तेथे होताच, त्याच्या तोंडून फक्त बाहेर पडला.

बाईंनी मान हलवली. ‘चुकल्या असत्या, तर मोठा डोस देऊन पुन्हा एकदा झगडून पाहिलं असतं. आशा थोडीच, पण पाहिलं असतं. औषध चालू असताना एवढं उलटलंय म्हणजे…’ त्यांनी वाक्य सोडून दिले. ‘त्याला दिसत नाहीये. गिळता येत नाहीये. किती ओढायचं, ते तुम्ही दोघं बोलून ठरवा. मी बाहेर थांबते.’ त्यांनी दार ओढून घेतले.

बोलून ठरवा. खोलीत जंतुनाशकाचा उग्र वास होता. भिंतीवर कुत्र्याच्या सांगाड्याचे चित्र होते, कणा लाल रंगाने दाखवलेला. टेबलाच्या एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला ती, मध्ये वकील, रोजच्यासारखेच. ती वाकली आणि म्हणाली, ‘वकील, आजोबांना विचार… तुला फार दुखतंय का ते आजोबांना विचार.’ मग ती कोपऱ्यातल्या बेसिनकडे गेली, नळ सोडला, आणि तोंडावर पाण्याचे हबके मारू लागली. पाठमोरी. खांदे हलत होते. आता, असे त्याला वाटले. आताच. तीन पावले जायचे, तिच्या खांद्याला धरायचे आणि सांगायचे: मी दिली नाही, तूही दिली नाहीस, तो जगेल कदाचित, बाईंना बोलाव. वाक्य पूर्ण होते, त्यात कोठे खोट नव्हती. त्याने तोंड उघडले. आणि इतक्या वर्षांच्या सवयीने त्याची मान खाली गेली, ओठ त्या पांढऱ्या, मऊ, किंचित उघड्या कानाशी गेले, आणि तो म्हणाला, ‘वकील, सांग आजीला. गोळ्या कुणीच दिल्या नाहीत. मला वाटलं, ती देते. तिला वाटलं, मी देतो. सांग तिला. लवकर सांग.’

पाणी पडत राहिले. त्याने मान वर केली नाही. त्याच्या घराच्या नियमाने त्याने सांगितले होते. आता दुसरी बाजू ऐकेल, वळेल, किंचाळेल, दार उघडून धावेल. त्याने डोळे मिटून वाट पाहिली. वकिलाच्या कानाला एक बारीकसा थरकाप झाला, तो ऐकण्याचा नव्हता. नळ बंद झाला. पावले जवळ आली. ओल्या, गार बोटांनी वकिलाच्या कपाळावरचे केस बाजूला सारले, आणि ती म्हणाली, ‘सांग आजोबांना, पुरे आता. सोडू या तुला.’ तिला ऐकू आले नव्हते. त्याला अजूनही बोलता आले असते. दाराची कडी वाजली तेव्हाही, बाई सुई भरत होत्या तेव्हाही, पुढच्या पायावरचा केसांचा चौकोन त्यांनी भादरला तेव्हाही. प्रत्येक क्षण पुरेसा मोठा होता, आणि प्रत्येक क्षणात तो वाकून त्या कानाकडेच पाहत राहिला. मग तळहाताखालचे बरगड्यांचे उचलणे एकदा झाले आणि पुन्हा झाले नाही.

घरी आल्यावर ती जमिनीवर बसली. तो खुर्चीत बसला. दोघांच्या मध्ये मोकळी फरशी होती, उन्हाचा एक पट्टा तिच्यावरून सरकत होता. ती म्हणाली, ‘अहो.’

त्या हाकेने तो खुर्चीतल्या खुर्चीत हादरला. ती त्याच्याकडे पाहत होती. सरळ, लाल डोळ्यांनी.

‘तुम्ही नेमानं देत होतात म्हणून त्याला एवढे तरी दिवस मिळाले,’ ती म्हणाली. ‘मी तर अंग काढून घेतलं. माझ्या हातून थुंकायचा हो तो. तुम्ही त्याला बाईंकडून घेऊन आलात, त्या संध्याकाळी म्हटलं होतं त्याला, आता आजोबांच्या हातूनच घे बाबा, मी नाही मध्ये पडत. तुम्ही आंघोळीला गेला होतात. पण ऐकलंत म्हणून बरं.’ तिने पदराने डोळे पुसले. ‘ऐकलं होतंत ना?’

तिच्या वरच्या ओठावर पाण्याचा की घामाचा एक थेंब होता. नाही म्हटले तर त्या चेहऱ्याचे काय होईल हे त्याला स्पष्ट दिसत होते.

‘ऐकलं होतं,’ तो म्हणाला.

तिने दीर्घ श्वास सोडला. मग ती बोलू लागली. त्याच्याशी. त्याला विचारून, त्याला ‘तुम्ही’ म्हणून, मध्येच त्याच्या बाहीवरचे पांढरे केस वेचून काढत. पिल्लू असताना वकिलाने तिची चप्पल कशी पळवली, पडद्यांचे काम आता दोन दिवस नको म्हणून सांगायला हवे, तुम्ही सकाळपासून काही खाल्ले नाहीत. इतक्या वर्षांचे अडलेले पाणी वाट मिळाल्यासारखे वाहत होते, आणि ते कोणत्या एका शब्दावरून वाहत होते ते त्याला ठाऊक होते. तो शब्द आता कधीच काढून घेता येणार नव्हता. मग तिने मुलीला फोन लावला. दोघी रडल्या. ‘नाही गं, हयगय कसली,’ ती फोनमध्ये सांगत होती. ‘बाबा रोज सकाळी स्वतःच्या हातानं द्यायचे. घे, त्यांच्याशीच बोल.’

फोन त्याच्या हातात आला. पलीकडे मुलगी हुंदके आवरत होती. ‘बाबा,’ ती म्हणाली, ‘त्रास द्यायचा का हो गोळी घेताना?’

बायको त्याच्या शेजारी येऊन बसली होती. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला, पूर्ण तळहात. ‘सांगा ना तिला,’ ती हलकेच म्हणाली.

तो सांगू लागला. सुरुवातीला अडखळत, मग अडखळण्याविना. अजून उजाडलेले नसायचे, तो म्हणाला. मी दिवा लावायचो नाही, हिची झोप मोडू नये म्हणून. पावाचा तुकडा दुधात भिजवायचा, त्यात अर्धी गोळी दडवायची, तळहातावर धरायची. आधी तो वास घ्यायचा, वर माझ्याकडे बघायचा. मी म्हणायचो, घे बाळा. पाठीवरचा हात ऐकत होता. मुलीचे हुंदके हळूहळू शांत होत होते. आणि त्याच्या सांगण्यात वकील एकेका सकाळी, तळहात चाटून पुसून, ती गोळी निमूटपणे गिळत होता.